पांढऱ्या पेशींचा हिशोब

रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस लॅबच्या खिडकीत हात घालतो आणि कागद उलगडायच्या आधीच विचारतो, “पेशी वाढल्या का कमी झाल्या?” त्याच्या मनातल्या पेशी कधी प्लेटलेट असतात, कधी पांढऱ्या, कधी सीडी-४. कोणत्या, याच्याशी त्याला फारसं घेणं नसतं. वाढल्या तर बरं, घटल्या तर काळजी, एवढं त्याचं ठरलेलं असतं. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, आम्हालाही ‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ इतकंच सांगून मास्तर पुढच्या धड्याकडे वळायचे. पूर्व विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत लॅब टेक्निशियन म्हणून माझी नोकरी झाली. मलेरियाच्या स्लाईडपासून कोविडपर्यंत बरंच काही हाताखालून गेलं. सैनिक जितके जास्त तितका माणूस सुरक्षित, असं मात्र मायक्रोस्कोपखाली मला क्वचितच दिसलं.

सुरुवातीची नेमणूक हत्तीरोगाच्या रात्र चिकित्सालयात होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात हत्तीपाय सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या किड्याची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात येतात, कारण त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. जेवणंखाणं उरकून लोक खाटेवर पडले की आम्ही टॉर्च, लॅन्सेट आणि स्लाईडचा डबा घेऊन गावात शिरायचो. कुत्री मागे लागायची, दार वाजवलं की शिव्या मिळायच्या, आणि झोपलेल्या एका पोराच्या बोटाला टोचलं की अख्खी आळी जागी व्हायची.

दुसऱ्या दिवशी स्लाईड रंगवून बघायला बसलं की एक गोष्ट वारंवार दिसे. ज्यांचा पाय सुजून कातडी जाड, खरबरीत झालेली, त्यांच्या रक्तात पुष्कळदा एकही पिल्लू सापडायचं नाही. ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांच्यातल्या एखाद्याची स्लाईड मात्र भरलेली. एका गावात कबड्डी खेळणारा धडधाकट पोरगा पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्याच घरातली, पाय सुजलेली आजी निगेटिव्ह. पोरगा मानायलाच तयार नाही. “स्लाईडी बदलल्या तुमच्या, मॅडम. आजीचं रक्त माह्या नावावर टाकलं तुम्ही.” आमच्या वरिष्ठांनी त्याला ओट्यावर बसवून सांगितलं, “आजीच्या अंगानं किड्याशी भांडण मांडलं, म्हणून तिचा पाय सुजला. तुझ्या अंगानं जुळवून घेतलं, म्हणून तो तुझ्यात सुखानं नांदून राहिला.”

शास्त्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण वरिष्ठांचं चुकलं नव्हतं. मोठा किडा लसिकावाहिन्यांत पाच ते आठ वर्षं जगतो आणि तेवढा काळ शरीराचा प्रतिकार थंड ठेवण्याची युक्ती त्याला साधलेली असते. शरीर त्याच्यावर उठलं किंवा तो मेला, की त्या बारीक नळ्यांत दाह होतो, त्या तुंबतात, पाणी साचतं. मग बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून साधे जिवाणू शिरतात आणि पाय वाढत जातो. हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमेतही हेच. गोळी खाऊन ज्याला ताप आला, चक्कर आली, त्याच्या अंगात बहुधा किड्याची पिल्लं असतात; ती मरतात आणि शरीर त्या मेलेल्या पिल्लांवर खवळतं. गावात बातमी पसरते ती “गोळीनं माणूस बिघडला” अशी. पुढच्या वर्षी लोक गोळी घेतात आणि आमच्यासमोर तोंडात धरून मागच्या अंगणात थुंकतात.

ग्रामीण रुग्णालयात बदली झाली आणि डिफरन्शियल हे रोजचं काम झालं. रक्ताचा थेंब काचेवर ओढायचा, लिशमन स्टेननं रंगवायचा, ऑइलमध्ये लेन्स टेकवायची आणि शंभर पांढऱ्या पेशी एकेक ओळखून मोजायच्या. पुढे मशीन आलं, मिनिटात आकडे देऊ लागलं. तरी संशय आला की आजही काचेवरच परतावं लागतं. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं, मधे बारीक धागा. लिम्फोसाइट गोल, गडद निळी, जवळजवळ सगळी केंद्रकानंच व्यापलेली. इओसिनोफिल आली की डोळ्यांना जरा विसावा मिळतो. मसुराच्या डाळीच्या रंगाचे दाणे तिच्या पोटात खच्चून भरलेले असतात. जंत झालेल्या पोरांत आणि रात्री खोकून बेजार होणाऱ्या दमेकऱ्यांत त्या वाढतात.

काही वर्षं हे केल्यावर स्लाईडवरून आजार कितव्या दिवसात आहे याचा अंदाज येऊ लागतो. जखम चिघळली, अपेंडिक्स सुजलं, की न्यूट्रोफिल काही तासांतच गर्दी करतात. फार ओढाताण झाली की हाडांतला मगज कोवळ्या, अजून तुकडे न पडलेल्या केंद्रकाच्या पेशीही रक्तात सोडू लागतो. त्या दिसल्या की आम्ही रिपोर्टची वाट न बघता वॉर्डात फोन करतो. न्यूट्रोफिलना समोरचा कोण हे नेमकं कळत नाही. जंतूंच्या अंगावरच्या ठरावीक खुणा ओळखून त्या गिळतात, विषारी रसायनं ओततात आणि एक-दोन दिवसांत मरतात. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं.

लिम्फोसाइटचं काम वेगळं आणि सावकाश. जंतू शरीरात यायच्या कितीतरी आधी लाखो प्रकारच्या लिम्फोसाइट तयार असतात आणि प्रत्येकीला एकच खूण ओळखता येते. त्या खुणा कोणी ठरवून दिलेल्या नसतात, जनुकांची सरमिसळ होऊन त्या नशिबानं पडतात. त्यामुळे काही पेशी आपल्याच शरीराला परकं समजणाऱ्या निघतात. टी-पेशींतल्या अशा पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतच मारल्या जातात. तिथे शिकायला आलेल्यांपैकी फारच थोड्या जिवंत बाहेर पडतात. पुढे कधी खरा जंतू आला की त्याची खूण जुळणारी एखादी पेशी गाठ पडते आणि तिच्या हजारो प्रती निघू लागतात. याला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. साध्या विषाणूचा ताप पाच-सात दिवस का रेंगाळतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. तो उतरल्यावर बहुतेक प्रती मरतात, थोड्या वर्षानुवर्षं टिकतात. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही तो त्यांच्यामुळे, आणि लसही आजाराशिवाय त्याच पेशी तयार करते.

हे वेळापत्रक आमच्या धंद्यात कोणी मनावर घेत नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी टायफॉईडची विडाल टेस्ट लिहिली जाते. ही टेस्ट जंतू बघत नाही, जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघते, आणि ती दुसऱ्या दिवशी वाढलेलीच नसतात. वाढलेली दिसली तर ती मागच्या एखाद्या आजाराचीही असू शकतात. तालुक्याच्या एका खासगी लॅबमध्ये संध्याकाळी काम करायचे तेव्हा तिथे निम्मा गाव दर पावसाळ्यात टायफॉईडचा निघायचा. मी ते काम सोडलं.

हिशोब उलटा असतो हे सगळ्यात कठोरपणे एका लहान मुलाच्या रक्तानं दाखवलं. आई त्याला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभी होती. पोरगा पांढराफटक, अंगावर निळसर चट्टे, महिनाभर येऊन जाऊन ताप. पांढऱ्या पेशी दीड लाखांच्या वर. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. डॉक्टर येईपर्यंत तिनं आकडा वाचून घेतला होता. “मॅडम, एवढ्या पेशी आहेत त्याच्या अंगात. मंग ताप कायले येऊन राहिला?” काचेवर एकाच साच्यातल्या, मोठ्या, कच्च्या पेशी भरल्या होत्या. त्यांना ना जंतू ओळखता येतो ना गिळता येतो, नुसतं वाढता येतं, आणि त्यांनी मगजात बाकी कोणाला जागा ठेवली नव्हती. दीड लाख पेशी असलेल्या त्या पोराकडे लढायला जवळजवळ कोणीच नव्हतं. त्याला त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. रक्ताच्या कर्करोगाची अशी पुष्कळ मुलं आता बरी होतात, म्हणून तिला काय उत्तर द्यावं हे मला तितकंसं अवघड गेलं नाही. तिच्या प्रश्नात मात्र काहीच चूक नव्हती. तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

डेंग्यूच्या मोसमात आमची खिडकी म्हणजे प्लेटलेटचा बाजार असतो. सकाळ-संध्याकाळ आकडा हवा. पपईच्या पानांचा रस किती पाजायचा हेही आम्हालाच विचारतात. ज्याकडे खरोखर लक्ष द्यायचं ते रिपोर्टच्या वरच्या ओळीत असतं: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण. ते चढू लागलं याचा अर्थ रक्तातलं पाणी केशिकांतून बाहेर झिरपतंय. आणि हे झिरपणं भर तापात होत नाही, ताप उतरायला लागल्यावर होतं. विषाणू तोवर कमी झालेला असतो. शरीराची स्वतःची रसायनं केशिका सैल करतात. घरचे म्हणतात ताप गेला, चला घरी. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यात धोक्याचे असतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्यांदा एक झाला आणि नंतर दुसरा झाला तर आधीची प्रतिद्रव्यं नव्या विषाणूला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, उलट त्याला पेशीच्या आत शिरायला मदत करतात. आठवणीतल्या पेशींवर वर मी एवढं चांगलं लिहिलं. डेंग्यूत त्यांचीच आठवण कधी माणसाला आयसीयूत नेते.

मधली काही वर्षं मी जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, सेंटरशी जोडलेल्या लॅबमध्ये सीडी-४ मोजायचे. एचआयव्ही ज्या पेशींत घर करतो त्या या टी-पेशी. त्या स्वतः जंतू गिळत नाहीत. बाकीच्यांनी कधी, कोणावर, किती जोर लावायचा हे त्यांच्या संदेशांवर ठरतं. त्या गेल्या की न्यूट्रोफिल असूनही माणूस तोंडातल्या बुरशीनं जेवू शकत नाही. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात त्या पाचशेच्या वर असतात. देशात २००४ साली मोफत औषधं सुरू झाली तेव्हा आकडा २०० च्या खाली गेल्याशिवाय ती सहसा मिळत नसत. २३० आलेल्या माणसाला समुपदेशक सांगायची, “अजून थोडं थांबावं लागेल, सहा महिन्यांनी या.” काही जण सहा महिन्यांनी आले, काही आले नाहीत. मर्यादा पुढे ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ पासून आकडा न बघता, निदान झालं की औषध. हे आधी का केलं नाही, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा औषधंही मोजकीच होती.

त्या सेंटरमधला एक ट्रकचालक मला नीट आठवतो. औषध सुरू करताना आकडा पन्नासच्याही खाली, पण हिंडता-फिरता होता. औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात मानेवर गाठी आल्या, एक फुटून वाहू लागली, रात्री ताप. बायकोनं गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर आपटली. “हे खाऊन मरून राहिला हा!” पुन्हा मोजलं तर सीडी-४ तिपटीनं वाढले होते. टीबीचे जंतू त्याच्या मानेत आधीपासून होते. त्यांच्यावर उठायला अंगात कोणी नव्हतं, म्हणून गाठ नव्हती, ताप नव्हता, दुखणं नव्हतं. पेशी परतल्या आणि त्यांनी जंतू शोधून काढले. ताप, सूज, पू, ज्याला आपण आजार म्हणतो ते सगळं त्या परतलेल्या पेशींचं काम होतं. टीबीची औषधं सुरू झाली आणि तो सावरला. काही महिन्यांनी गाडीवर परत गेला.

रक्तपेढीतल्या रात्रपाळीत दुसऱ्या एका गोष्टीची जाणीव पक्की झाली: शरीराला मदत आणि हल्ला यांतला फरक कळत नाही. बाळंतपणात रक्तस्राव झालेली एक बाई, रक्तगट ओ. ओ गटाच्या पिशव्या होत्या. क्रॉसमॅच लावली, म्हणजे तिचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघितलं, तर गाठी धरल्या. दुसरी पिशवी, तिसरी, सगळ्यांचं तेच. ओ गटाच्या माणसाचं रक्त ओ गटाशीच जुळत नाही म्हटल्यावर आमच्या सरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “ही ओ नाही. बॉम्बे आहे.” १९५२ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा गट सापडला. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या लाल पेशींवर असणारा एच नावाचा घटक या लोकांकडे नसतो. म्हणून ओ गटाचं रक्तही त्यांच्या प्रतिद्रव्यांना परकं वाटतं आणि ती ते फोडून टाकतात. आयुष्यात कधी कोणाचं रक्त न घेतलेल्या माणसातही ही प्रतिद्रव्यं असतात. आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच शर्करा असतात, त्यांच्याविरुद्ध ती बाळपणीच तयार होतात. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा. फोनाफोनी होऊन नागपूरहून दाता आला तेव्हा उजाडत होतं. बाई वाचली. घाईत क्रॉसमॅच न लावता ओ चढवलं असतं तर तिच्याच रक्तानं तिला मारलं असतं.

मग कोविड. सगळा देश एकाएकी प्रतिकारशक्तीबद्दल बोलू लागला. बिस्किटांपासून गादीपर्यंत सगळ्यावर ‘इम्युनिटी’ लिहिलेलं. आमच्या खिडकीतला प्रश्न तोच होता आणि काचेवरचं उत्तर त्याहून विचित्र. गंभीर रुग्णांच्या स्लाईडवर लिम्फोसाइट शोधाव्या लागायच्या, जिकडेतिकडे न्यूट्रोफिल. दाह दाखवणारा सीआरपी चढलेला, रक्ताच्या गुठळ्या दाखवणारा डी-डायमर चढलेला. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसं निकामी होत होती ती बरीचशी शरीराच्याच आगीनं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी करतं. व्हेंटिलेटरवरच्यांत तर जवळपास एक तृतीयांशानं. प्रतिकार दडपणारं औषध जीव वाचवत होतं. त्याच चाचणीनं हेही सांगितलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना याचा फायदा नाही. हे दुसरं वाक्य मोबाइलवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये गळालं.

२०२१ च्या उन्हाळ्यात लोक तापाच्या पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करून यायचे. साखर चारशे-पाचशे. विषाणू अजून वाढत होता आणि त्याला आवरणाऱ्या पेशींचे हात बांधले गेले होते. त्यानंतर थोड्या आठवड्यांनी नाकातल्या काळ्या खपल्या यायला लागल्या. केओएचच्या थेंबात टाकून बघितलं की रुंद, फितीसारख्या, काटकोनात फुटणाऱ्या बुरशीच्या दोऱ्या दिसायच्या: म्युकर. ही बुरशी मातीत, शिळ्या भाकरीवर, हवेत सगळीकडे असते. ती आपण रोज श्वासातून आत घेतो आणि न्यूट्रोफिल तिला रोज संपवतात. वाढलेल्या साखरेनं आणि स्टिरॉइडनं ते रोजचं, कोणाच्या लक्षातही न येणारं काम थांबवलं होतं. डोळा काढावा लागलेले लोक मी पाहिले. जेमतेम ताप आलेला होता त्यांना.

कोविड सरला, पण स्टिरॉइड आमच्या भागातून गेलेलं नाही. ते आधीही होतं. सांध्यांच्या दुखण्यावरची पुडी, दम्यावरची ‘जडीबुटी’, आठवडी बाजारातली ताकदीची गोळी. पहिल्या डोसाला माणूस उठून चालायला लागतो म्हणून त्यावर विश्वास बसतो. लॅबच्या दृष्टीनं त्यातला खरा घोळ असा की स्टिरॉइड घेतलेल्याचा रिपोर्ट आमची फसवणूक करतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी पंधरा-अठरा हजार दिसतात. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. कागद म्हणतो, जोराचा प्रतिकार चालू आहे, आणि प्रत्यक्षात प्रतिकार दाबलेला असतो. मशीनला हे कळत नाही. काचेवरही खात्रीनं कळत नाही. सांगणारा एकच असतो, तो म्हणजे रुग्ण.

तेव्हा रक्त द्यायला याल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, चाटणं पिशवीत घालून आणा. नाव नसेल तर पुडीच आणा. लाज वाटत असेल तर खिडकीत हळू सांगा, आम्ही रिपोर्टवर डॉक्टरांसाठी लिहितो. आणि हे वाचून घाबरून पुडी आजच बंद करू नका. बरेच आठवडे स्टिरॉइड पोटात गेलेलं असेल तर ते एकदम थांबवणंही जिवावर बेतू शकतं; ते डॉक्टरांनाच हळूहळू कमी करू द्या.